तीन मॅचमध्ये सात, एकवीस मॅचमध्ये नऊ: डिफेन्स सुधारला म्हणजे नक्की काय झालं?

२०२४-२५ च्या आयएसएलमध्ये, म्हणजे इंडियन सुपर लीग ह्या फुटबॉलच्या लीगमध्ये, कोलकात्याच्या मोहन बागानने पहिल्या तीन मॅचमध्ये सात गोल खाल्ले आणि उरलेल्या एकवीस मॅचमध्ये मिळून फक्त नऊ. एवढं ऐकलं की कुणीपण म्हणेल डिफेन्स सुधारला, संपला विषय. पण आमच्या ग्रुपमध्ये विषय असा संपत नाही, एक जण म्हणतो सुधारला, दुसरा म्हणतो नशीब, तिसरा म्हणतो किपरने वाचवलं, आणि त्यात सगळ्यांचंच थोडं थोडं बरोबर असतंय म्हणून भांडण मिटत नाही.

आधी सांगतो बडोद्यात मोहन बागान कुठून आलं. आमचं गाव क्रिकेटचं, हजारे, गायकवाड, पठाण, पंड्या ही नावं पुरेशी आहेत, मोतीबागेवरून जाताना आजही लोक मान वळवून बघतात. पण रिफायनरी, ओएनजीसी, खताचा कारखाना ह्यांच्या नोकऱ्यांमुळे इथं बंगाली घरं बरीच आली आणि त्यांच्या सामानासोबत मोहन बागान आणि ईस्ट बंगालपण आलं. आमच्या सोसायटीतले रिफायनरीतून रिटायर झालेले दादा हे त्यातले, इतकी वर्षं मराठी शेजारात राहून मराठी फर्स्टक्लास बोलतात, फक्त मॅच चालू असताना बंगालीत शिव्या देतात. माझा भाचा एम. एस. युनिव्हर्सिटीत स्टॅटिस्टिक्स शिकतो, तो वही घेऊन बसतो. आणि एक गुजराती मित्र आहे जो दर दहा मिनिटांनी "जवा दो ने यार" म्हणून लिलो चिवडो पुढे सरकवतो. तर ह्या लोकांमध्ये जे भांडण वर्षभर चाललं त्यातून डिफेन्स मोजायचा कसा हे मला जेवढं समजलं ते लिहितोय. फुटबॉल अधूनमधून बघणाऱ्यालाही कळेल असं लिहायचा प्रयत्न आहे.

सगळ्यात सोपं माप म्हणजे खाल्लेले गोल. पण ते नुसते मोजायचे नाहीत, मॅचने भागायचे. २०२३-२४ मध्ये लीगमध्ये बारा टीम होत्या, म्हणून प्रत्येकीच्या २२ मॅच, त्यात बागानने २६ गोल खाल्ले, म्हणजे मॅचला १.१८. पुढच्या वर्षी मोहम्मेडन आल्यामुळे तेरा टीम झाल्या, २४ मॅच, त्यात १६ गोल, म्हणजे मॅचला ०.६७. जवळजवळ अर्ध्यावर आलं. तळ कुठे असतो ते कळावं म्हणून सांगतो, इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये २००४-०५ च्या चेल्सीने ३८ मॅचमध्ये फक्त १५ खाल्ले होते, म्हणजे ०.३९, आणि तो तिथला रेकॉर्ड आहे. दोन लीगची बरोबरी करायची नाही, पण एका मॅचला अर्ध्या गोलाच्या आसपास गेलात की तुम्ही चांगल्या लोकांत आलात एवढं समजायचं.

आता सुरुवातीचा तो सात आणि नऊचा आकडा. हा आकडा खरा आहे पण तो लबाड आहे, कारण मी काप कुठे मारला बघा, अगदी तिसऱ्या मॅचनंतर, जिथं सगळ्यात जास्त फरक दिसतो तिथंच. तोच सीझन वेगळा कापू. पहिल्या तीन मॅचमध्ये सात: मुंबई सिटीशी २-२, नॉर्थईस्टशी ३-२ जिंकलो, आणि बंगळुरूला जाऊन ०-३ मार खाल्ला. पुढच्या सात मॅचमध्ये फक्त एक गोल, तो ओडिशाशी १-१ च्या मॅचमध्ये. मग डिसेंबरमध्ये परत गडबड, १४ तारखेला केरळा ब्लास्टर्सशी ३-२, २० ला गोव्याकडून १-२ हरलो, २६ ला पंजाबशी ३-१, म्हणजे बारा-तेरा दिवसांत पाच गोल. आणि जानेवारीपासून शेवटपर्यंत अकरा मॅचमध्ये तीन. तर आलेख असा सरळ उतरत गेलेला नाहीच, खड्डा, सपाट, परत खड्डा, परत सपाट असा आहे. डिसेंबरच्या त्या तीन मॅचनंतर दादा दोन दिवस कुणाशी धड बोलले नाहीत आणि जो माणूस ऑक्टोबरमध्ये "कडेकोट डिफेन्स" म्हणत होता तोच म्हणायला लागला की हे लोक काही शिकलेच नाहीत. तीन मॅचवरून मत बनवायचं आणि तीन मॅचवरून बदलायचं, हा फॅन लोकांचा जुना रोग आहे, मलापण आहे.

मग प्रामाणिक काप कुठला? भाच्याने जानेवारी संपता संपता एक मांडणी सुरू केली ती मला सगळ्यात पटली. लीगमध्ये प्रत्येक टीमशी दोनदा खेळायचं असतं, एकदा आपल्या घरी एकदा त्यांच्या घरी. तर बारा विरोधक, पहिल्या गाठीत किती खाल्ले आणि दुसऱ्या गाठीत किती, एवढंच बघायचं. विरोधक तेच, मैदान फक्त उलटं, त्यामुळे कुणी म्हणू शकत नाही की अरे तेव्हा सोप्या टीम होत्या. सीझन संपल्यावर हिशोब आला तो असा: पहिल्या गाठीत बारा टीमकडून १३ गोल, दुसऱ्या गाठीत त्याच बारा टीमकडून ३. नॉर्थईस्ट दोनावरून शून्यावर. बंगळुरू तीनवरून शून्यावर. केरळा दोनावरून शून्य, गोवा दोनावरून शून्य, ओडिशा आणि पंजाब एकावरून शून्य. फक्त जमशेदपूर शून्यावरून एकवर गेलं आणि मुंबई दोनाची दोनच राहिली, मुंबईचं काय ते पुढे सांगतो. हे बघितल्यावर मी तरी मान्य केलं की सुधारणा झालेली आहे, भास नाही. गोवा आणि बंगळुरू तर टेबलमध्ये बागानच्या खालोखाल राहिलेल्या टीम, त्यांना दुसऱ्यांदा एकपण गोल करू दिला नाही ही साधी गोष्ट नाही. उलट मोहम्मेडन आणि हैदराबाद तळाला होते आणि त्यांच्याविरुद्ध चारही मॅच क्लीन शीट, त्या चारांना मी फार भाव देत नाही.

क्लीन शीट म्हणजे ज्या मॅचमध्ये एकही गोल खाल्ला नाही ती. बागानच्या तशा पंधरा झाल्या, २४ पैकी पंधरा, आणि किपर विशाल कैथला गोल्डन ग्लव्ह, म्हणजे सगळ्यात चांगल्या किपरचं बक्षीस, मिळालं. आता इथं पुढचा प्रश्न येतो, हे डिफेन्सचं श्रेय की किपरचं की नशिबाचं. त्यासाठी गोल सोडून चान्सकडे जावं लागतं.

गोल ही फुटबॉलमध्ये फार दुर्मिळ गोष्ट आहे. क्रिकेटमध्ये एका दिवसात शेकडो बॉल पडतात, बॅट्समन चांगला की वाईट ते कळायला भरपूर माल मिळतो, इथं नव्वद मिनिटांत एक किंवा दोन गोल आणि त्यावरून आपण डिफेन्सची जन्मपत्रिका काढतो. म्हणून एक्सजी नावाचं माप आलं. भाच्याने मला समजावलं ते असं की प्रत्येक शॉट कुठून मारला, पायाने की डोक्याने, समोर किती लोक होते, पास कसा आला होता, असं बघून आधीच्या हजारो तशाच शॉटपैकी किती गोल झाले त्यावरून त्या शॉटला शून्य ते एकच्या मधला भाव देतात. पेनल्टीला साधारण ०.७६ ते ०.७९, कारण दहातल्या साडेसात-आठ पेनल्टी आत जातात. बॉक्सच्या बरंच बाहेरून, गर्दीतून हाणलेल्या शॉटला तीन-चार टक्के मिळाले तरी खूप. आता एखाद्या मॅचमध्ये समोरच्याने असे लांबून पंधरा शॉट मारले आणि त्यातला एक वरच्या कोपऱ्यात जाऊन बसला, तर स्कोअरमध्ये दिसतं एक गोल खाल्ला, पण डिफेन्सने काम बरोबर केलेलं असतं, लांबूनच मारायला लावलं. आणि दुसऱ्या मॅचमध्ये तीन वेळा स्ट्रायकर किपरसमोर एकटा सुटला आणि तिन्ही वेळा त्याने बाहेर घातला तर क्लीन शीट मिळते, टाळ्या मिळतात, आणि डिफेन्स खरं तर झोपलेला असतो. आपल्या विरुद्ध झालेल्या सगळ्या शॉटचा एक्सजी जोडला की समजतं आपण किती माल समोरच्याला दिला.

इथं एक गंमत सांगतो जी मला आधी खरी वाटली नव्हती. समजा एक टीम दर मॅचला बरोबर एक गोल होईल एवढेच चान्स देते, ना जास्त ना कमी. अशी साधारणच टीमसुद्धा शंभरातल्या ३६-३७ मॅचमध्ये शून्यावर राहील, काही वेगळं न करता, नुसत्या योगायोगाने. पॉइसाँ नावाचं जुनं गणित आहे त्यातून येतं हे. म्हणजे लागोपाठ दोन क्लीन शीट झाल्या म्हणून पेढे वाटायचं काही कारण नाही. पण २४ मध्ये पंधरा म्हणजे साठ टक्क्यांच्या वर, ते नुसत्या योगायोगात बसत नाही.

किपरचं श्रेय वेगळं काढायला अजून एक माप असतं. त्यात फक्त गोलच्या दिशेने आलेले शॉट घेतात आणि ते गोलमध्ये नेमके कुठे चालले होते, कोपऱ्यात की सरळ अंगावर, त्यावरून ठरवतात की साधारण किपरने ह्यातले किती सोडले असते, आणि आपल्याने किती सोडले. फरक किपरचा. ऐकायला सोपंय पण प्रत्यक्षात फॅनला हे सुटं करून बघणं कठीण जातं कारण बदल एकटे येत नाहीत. लिव्हरपूलचं उदाहरण सगळे देतात. जानेवारी २०१८ मध्ये त्यांनी व्हॅन डाईकला साडेसात कोटी पाउंडला आणलं आणि त्याच वर्षी उन्हाळ्यात अॅलिसन किपर आला, २०१७-१८ ला ३८ गोल खाल्ले होते ते २०१८-१९ ला २२ वर आले. आता ते सोळा गोल कुणी वाचवले, व्हॅन डाईकने की अॅलिसनने की मधल्या फळीने? सांगा कापून. आणि वर आणखी एक तिढा, २०१९-२० मध्ये तीच टीम ९९ पॉइंट घेऊन चॅम्पियन झाली आणि गोल खाल्ले ३३, आदल्या वर्षापेक्षा अकरा जास्त. चॅम्पियन झाली म्हणून डिफेन्स सुधारला असं म्हणणाऱ्याला हे दाखवायचं.

बरं, बागानकडे परत. पहिल्या तीन मॅचमध्ये नक्की काय बिघडलं होतं ते समजून घेतलं तर पुढचं कळतं. २०२४ च्या उन्हाळ्यात मागची फळी जवळजवळ नवीन झाली होती. अन्वर अलीचं ईस्ट बंगालला जाण्याचं प्रकरण तर पेपरमध्ये आठवडेच्या आठवडे चाललं होतं, युस्टे गेला, हॅमिल गेला. त्यांच्या जागी स्कॉटलंडचा टॉम ऑल्ड्रेड आणि स्पेनचा अल्बर्तो रॉड्रिगेज आले. कोचपण नवीन, होजे मोलिना, जे २०१६ मध्ये कोलकात्याच्याच एटीकेला चॅम्पियन करून गेले होते. ३१ ऑगस्टला ड्युरँड कपच्या फायनलमध्ये नॉर्थईस्टविरुद्ध २-० पुढे असताना २-२ झालं आणि पेनल्टीवर हरलो. दोन आठवड्यांनी, १३ सप्टेंबरला, लीगच्या पहिल्याच मॅचला मुंबईविरुद्ध परत २-० वरून २-२. दादांनी त्या दिवशी टीव्हीकडे पाठ करून बसायला सुरुवात केली होती.

नवीन जोडीला वेळ का लागतो? डिफेन्समध्ये सगळ्यात अवघड काम टॅकल मारणं नाही, एका ओळीत राहणं आहे. बडोद्यात हे समजवायला गरबा पुरतो. हजारो लोकांच्या गोलात सगळ्यांचं पाऊल एकदम पुढे पडतं, एकाचं राहिलं की मागचा त्याच्यावर येऊन आदळतो. मागच्या चौघांनी तसंच ताल धरून एकदम पुढे सरकायचं असतं, तीन जण सरकले आणि चौथा अर्धा सेकंद मागे राहिला की समोरचा स्ट्रायकर त्याच्यामुळे ऑनसाईड होतो, म्हणजे ऑफसाईड न ठरता पुढे पळू शकतो, आणि आख्खी ओळ उघडी पडते. ही अर्ध्या सेकंदाची समज मॅच खेळल्याशिवाय येत नाही, सरावात कितीही घोटा. आणि भाषेचापण भाग असतो, मागून ओरडणारा कोण, कुठल्या शब्दाला काय करायचं, हे बसायला लागतं.

पण माझं स्वतःचं मत सांगायचं तर बागानचा डिफेन्स मागच्या चौघांनी जेवढा सुधारला त्यापेक्षा जास्त त्यांच्या पुढच्यांनी सुधारला, आणि ह्यावर माझं आणि दादांचं आजही जमत नाही. दादांना शुभाशिष बोस म्हणजे घरचा मुलगा, कॅप्टन, डिफेंडर असून गोलपण करतो, त्याच्याविरुद्ध काही ऐकून घेत नाहीत. मी विरुद्ध बोलतच नाहीये. मी म्हणतो मधल्या फळीतल्या अपुइयाकडे बघा.

हे कसं बघायचं ते सांगतो, पुढच्या मॅचला करून बघा. आपला अटॅक चालू असताना, म्हणजे बॉल समोरच्याच्या बॉक्सजवळ असताना, बॉल बघायचा नाही. टीव्हीचा कॅमेरा बॉलमागे पळतो म्हणून हे जरा कठीण जातं, मोबाईलवर तर अशक्यच, पण कॅमेरा जेव्हा थोडा लांब जातो तेव्हा पटकन मागे बघायचं. शुभाशिष डावीकडून वर गेलाय, आशिष राय उजवीकडून वर गेलाय, म्हणजे मागे राहिले दोघं सेंटरबॅक, ऑल्ड्रेड आणि अल्बर्तो. आता बॉल सुटला तर? समोरचा एक लांब पास मारेल आणि तीन जण पळत सुटतील. त्या दोघांच्या पुढे मध्यभागी जो एक जण उभा असतो, जो अटॅकमध्ये सामील व्हायचा मोह आवरतो, तो सगळ्यात महत्त्वाचा. बॉल सुटल्याबरोबर दोन-तीन सेकंदांत तो समोरच्याच्या अंगावर गेला, बॉल नाही मिळाला तरी त्याला मागे वळायला लावलं, किंवा आडवा पास द्यायला लावला, तर बाकीचे परत येतात आणि धोका टळतो. अशी मूव्ह हायलाइट्समध्ये कधीच येत नाही, कारण काही घडलेलंच नसतं. अपुइया आणि त्याच्या जोडीला थापा किंवा टांगरी, हे काम ह्या लोकांचं. डिफेन्सचा सगळ्यात चांगला दिवस तो, ज्या दिवशी सेंटरबॅकचे कपडे मळत नाहीत.

ह्यालाही एक माप आहे, पीपीडीए. समोरच्याला त्याच्या बाजूच्या मैदानात आपण किती पास आरामात करू देतो, एक टॅकल किंवा बॉल हिसकावणं किंवा फाऊल व्हायच्या आत, ते मोजायचं. आकडा जेवढा लहान तेवढं आपलं दडपण जास्त. पण हा आकडा लहान असला म्हणजे डिफेन्स चांगला असंपण नाही, काही टीम मुद्दाम मागे बसतात, समोरच्याला खेळू देतात आणि बॉक्समध्ये दाराला कुलूप लावतात. आकडा फक्त पद्धत सांगतो. भाच्याला हे मान्य आहे, मात्र त्याचं म्हणणं असं की पद्धत न बघता नुसता निकाल बघणं म्हणजे काहीच न बघणं.

मुंबईचं सांगायचं राहिलं. लीगची पहिली मॅच २-० वरून २-२, आणि १ मार्च २०२५ ला मुंबईत परत २-० वरून २-२. सीझनच्या दोन टोकांना हुबेहूब तीच गोष्ट. माझा गुजराती मित्र म्हणाला जे सप्टेंबरला होतं तेच मार्चला आहे, मग सुधारलं काय? प्रश्न वरवर बरोबर आहे. पण मधे २३ फेब्रुवारीला काय झालं होतं आठवा. कोलकात्यात सॉल्ट लेकच्या मैदानावर ओडिशाविरुद्ध ९३ व्या मिनिटाला पेत्रातोसने गोल मारला, १-० झालं आणि लीग शिल्ड, म्हणजे टेबलमध्ये पहिलं येण्याची ट्रॉफी, तिथंच पक्की झाली, लागोपाठ दुसऱ्या वर्षी, असं आयएसएलमध्ये आधी कुणीच केलं नव्हतं. त्याच्यानंतरची पुढची मॅच ही मुंबईची. शिल्ड खिशात असताना जे खेळतात आणि एकेका पॉइंटसाठी जे खेळतात त्यात फरक असणारच, त्या दोन गोलांना मी सप्टेंबरच्या दोन गोलांइतका भाव देत नाही. मॅच कुठल्या परिस्थितीत चालू आहे हे न बघता गोल मोजले की असा घोळ होतो. तसंच मॅचच्या आतपण असतं, आपण ३-० पुढे असलो की समोरचे सगळे वर येतात, चान्स वाढतात, आपणही जरा सैल सोडतो, आणि तिथं मिळालेला एक्सजी आणि ०-० असताना मिळालेला एक्सजी सारखा धरायचा नाही.

हे सगळं मान्य करूनही एक गोष्ट मला खटकते, आणि ती आकड्यातच आहे. सोळा गोल नऊ मॅचमध्ये पडले. त्या नऊमधल्या सहा मॅचमध्ये दोन किंवा जास्त, फक्त तीन मॅच अशा की एकच गोल खाऊन थांबले. म्हणजे बंद असेल तर पूर्ण बंद, आणि एकदा उघडलं की दुसरा आलाच. मॅचला ०.६७ गोल खाणाऱ्या टीमच्या २४ पैकी साधारण बारा क्लीन शीट व्हायला हव्यात त्याच पॉइसाँच्या हिशोबाने, ह्यांच्या पंधरा झाल्या, कारण गोल सगळीकडे पसरले नाहीत, थोड्या मॅचमध्ये गठ्ठ्याने आले. २४ मॅचच्या एका सीझनमध्ये हे योगायोगानेही होऊ शकतं, भाचा हे दर वेळी बजावतो. पण डोळ्यांनी बघितलेलं आणि आकडे एकाच दिशेला बोट दाखवत असतील तर मी तरी थोडं ऐकतो. पहिला गोल खाल्ल्यावर ही टीम पाच-दहा मिनिटं गोंधळते असं मला वाटायचं, सगळे एकदम बरोबरी करायला वर पळतात आणि तो मधला राखणदारपण जागा सोडतो. सुधारणा झाली ती गोल न खाण्याच्या बाबतीत, खाल्ल्यावर सावरण्याच्या बाबतीत तेवढी झाली नाही. प्लेऑफमध्येही, म्हणजे लीगनंतर कपसाठी होणाऱ्या मॅचमध्ये, सेमीफायनलच्या पहिल्या मॅचला जमशेदपूरकडे १-२ हरलो, दुसरा गोल थेट इंज्युरी टाइममध्ये. घरी परत २-० जिंकून निघालो, त्यातला दुसरा अपुइयाने शेवटच्या क्षणाला लांबून हाणलेला, तो बघून दादा एवढे उड्या मारत होते की खालच्या मजल्यावरच्या काकू विचारायला वर आल्या सगळं ठीक आहे ना.

कॉर्नरचं वेगळं सांगतो कारण त्यात फॅन लोक सगळ्यात जास्त चुकतात. कॉर्नरवर गोल गेला की आपण ओरडतो, तो माणूस कुणाचा होता, कुणी सोडला त्याला. पण बऱ्याच टीम माणूस पकडत नाहीत, जागा पकडतात. सहा यार्डाच्या रेषेवर चार-पाच जण ठरलेल्या जागी उभे, जवळच्या खांबापाशी एक, आणि समोरच्याच्या उंच लोकांना धावत येताना नुसता धक्का द्यायला दोन-तीन. अशा वेळी हेडर मारणाऱ्याच्या सगळ्यात जवळ जो दिसतो त्याची चूक असेलच असं नाही, चूक कदाचित त्याची असेल ज्याने धावणाऱ्याला वाटेत अडवलं नाही. रिप्ले आला की बॉल उडायच्या आधीचे दोन सेकंद बघायचे, तिथं सगळं कळतं. आणि पहिला हेडर क्लिअर झाल्यावर बॉक्सच्या तोंडाशी बॉल कुणाला मिळतो तेपण बघायचं, कॉर्नरवरचे बरेच गोल दुसऱ्या बॉलवर होतात, तेव्हा आपले निम्मे लोक बाहेर पळत असतात आणि निम्मे जमिनीवर पडलेले असतात.

भाच्याच्या वहीत आता प्रत्येक गोलासमोर तीन रकाने आहेत. बॉल कुठे सुटला, मधला माणूस कुठे होता, आणि शॉट कुठून लागला. चौथा रकाना दादांच्या हट्टाने, त्यात रेफ्रीचं नाव. पहिल्या फेरीच्या पानांवर पहिला रकाना बघितला तर बॉल जास्त करून मैदानाच्या मधल्या भागात सुटलेला, सेंटरबॅकच्या पायातून क्वचितच, म्हणून तर मी अपुइयाचं घोडं पुढे दामटतो.

फक्त १२ एप्रिलची फायनल कशी लिहायची ह्यावर अजून एकमत नाही. बंगळुरूने गोल केला म्हणजे खरं तर अल्बर्तोच्याच अंगाला लागून आत गेला, ओन गोल. ओन गोल हा समोरच्याचा शॉट धरत नाहीत त्यामुळे त्याला एक्सजी नसतो, हिशोबात बंगळुरूला त्या गोलाचं शून्य आणि स्कोअरबोर्डवर एक. नंतर आपल्या कमिंग्सची पेनल्टी, एक्स्ट्रा टाइममध्ये मॅक्लारेन, २-१, कपपण आला. भाचा म्हणतो रकाने रिकामे ठेवायचे, दादा म्हणतात जिंकलेल्या मॅचमधला गोल लिहायचाच कशाला, आणि मी म्हणतो क्रॉस कुठून आला आणि तो घालू कुणी दिला तेवढं तरी लिही की रे.